इंग्लंडमध्ये घर घेताना बँकेच्या पॅनलवरचा सॉलिसिटर कसा निवडावा

इंग्लंडमध्ये पहिले घर घ्यायला निघालेल्या मराठी कुटुंबात डिपॉझिट किती साठले, व्याजदर किती पडेल, शाळा कोणती आणि स्टेशन किती लांब यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. वकिलाचा विषय मात्र विक्रेत्याने ऑफर स्वीकारल्यावर घाईघाईने निघतो. मग कोणीतरी एक नाव सुचवते, फोन होतो, फी परवडणारी वाटते आणि काम सोपवले जाते. या घाईत एक प्रश्न विचारायचा राहून जातो: ही फर्म आपल्याला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनलवर आहे का?

आमच्या खरेदीत हीच चूक झाली. ओळखीतून कळलेल्या एका छोट्या फर्मकडे आम्ही काम सोपवले, पासपोर्ट दाखवले, सुरुवातीची रक्कम भरली. सहा आठवड्यांनी मॉर्गेज ऑफर, म्हणजे बँकेचे गृहकर्ज देऊ करणारे पत्र, हातात आली आणि त्याच दिवशी दुपारी दोन ओळींचा ईमेल आला, की आमची फर्म या बँकेच्या यादीत नसल्यामुळे तिला बँकेच्या वतीने काम करता येणार नाही. नवी फर्म शोधण्यात, ओळखपत्रे आणि पैशांचे कागद पुन्हा पहिल्यापासून देण्यात आणि जुनी फाइल इकडून तिकडे जाण्यात आणखी महिना गेला. विक्रेत्याचा एजंट एक दिवसाआड फोन करून ‘अजून किती दिवस?’ असे विचारत होता. विक्रेते कुटुंब थांबले म्हणून ते घर आम्हाला मिळाले, पण जुन्या फर्मने केलेल्या कामाचे पैसे गेले ते गेलेच. हा लेख त्या अनुभवातून आणि पुढे परिचितांच्या खरेदीत केलेल्या मदतीतून लिहिला आहे. तो इंग्लंड आणि वेल्सपुरता आहे. स्कॉटलंडची पद्धत आणि कायदा वेगळा आहे.

पॅनल म्हणजे नेमके काय

महाराष्ट्रात गृहकर्ज घेतलेल्यांना ‘बँकेचे पॅनलवरचे वकील’ हा शब्द नवा नाही. तिथे तो वकील साधारण तीस वर्षांचा टायटल सर्च करून आपला अहवाल बँकेला देतो. तो बँकेचा माणूस असतो आणि खरेदीदाराने हवे तर स्वतःचा वकील वेगळा लावायचा असतो. इंग्लंडमध्ये बहुतेक घरखरेदीत एकच सॉलिसिटर एकाच वेळी खरेदीदाराचे आणि कर्ज देणाऱ्या बँकेचे किंवा बिल्डिंग सोसायटीचेही काम करतो. म्हणजे तुमच्या पैशाने नेमलेला वकील बँकेचाही वकील असतो. घराची मालकी निर्वेध आहे, आपला बोजा व्यवस्थित नोंदवला जाईल आणि काही गैर दिसल्यास आपल्याला कळवले जाईल, असा भरवसा बँकेला त्याच्याकडून हवा असतो. त्यामुळे कोणत्या फर्मवर हा भरवसा टाकायचा याची यादी प्रत्येक बँक स्वतः ठेवते, आणि तिलाच पॅनल म्हणतात.

हे काम दोन प्रकारचे व्यावसायिक करतात. सॉलिसिटरवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचे नियंत्रण असते, तर केवळ मालमत्ता हस्तांतरणाचे काम करणाऱ्या लायसन्स्ड कन्व्हेयन्सरवर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सचे. दोघेही हे काम कायदेशीरपणे करू शकतात, आणि पॅनलचा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू होतो. अनेक बँका सॉलिसिटर फर्मकडे लॉ सोसायटीच्या कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीमची मान्यता मागतात. काही बँका फर्मचा आकार, भागीदारांची संख्या, विमा आणि वर्षभरात केलेले व्यवहार पाहतात. २००८ च्या आर्थिक संकटानंतर मॉर्गेजमधील फसवणुकीची प्रकरणे उघड झाली, तेव्हा बऱ्याच बँकांनी आपल्या याद्या आखडत्या घेतल्या. त्याचा फटका प्रामुख्याने एकदोन वकिलांच्या छोट्या फर्मना बसला, आणि आपल्या समाजात तोंडोतोंडी सुचवली जाणारी नावे बहुधा अशाच फर्मची असतात.

पॅनलवर नसलेली फर्म वाईट असते असे मुळीच नाही. तसेच पॅनलवर असणे म्हणजे ती फर्म तुमचे फोन उचलेल, ईमेलला वेळेवर उत्तर देईल किंवा लीज नीट वाचून समजावून सांगेल याची हमीही नाही. पॅनल बँकेने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी बनवलेले असते. म्हणून ते निवडीची पहिली चाळणी समजावे आणि खरी निवड त्यानंतर करावी.

पहिली पायरी: घर मिळण्याआधीच यादी तपासावी

तुमच्या उत्पन्नावर किती कर्ज मिळू शकेल याचे प्राथमिक पत्र, म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट इन प्रिन्सिपल’, घेताना कोणत्या दोन-तीन बँकांकडे जायचे हे बहुतेक ठरलेले असते. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्यांना सगळ्या बँका कर्ज देत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुढे पर्याय आधीच मोजके असतात आणि पॅनलची तपासणी त्यांनी तर याच टप्प्यावर करावी. मनात असलेल्या फर्मला या बँकांची नावे लिहून ईमेल करावा. ‘तुम्ही सगळ्या मोठ्या बँकांच्या पॅनलवर आहात का?’ असे मोघम विचारले, तर ‘बहुतेक सगळ्या’ असे मोघमच उत्तर येते. त्याऐवजी ‘अमुक बँकेच्या रहिवासी खरेदीच्या पॅनलवर तुमचे अमुक शहरातले कार्यालय आज आहे का?’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. शाखेचा उल्लेख मुद्दाम करावा, कारण मान्यता कोणत्या कार्यालयाला आहे हेही महत्त्वाचे ठरू शकते. बँकेचाही नेमका ब्रँड लिहावा. एकाच समूहातल्या दोन ब्रँडच्या याद्या एकच असतील असे गृहीत धरू नये.

फर्मच्या उत्तराची खातरजमा दुसरीकडून करावी. काही बँकांच्या संकेतस्थळांवर पॅनलवरच्या फर्म शोधण्याची सोय असते, आणि मॉर्गेज ब्रोकरला आपल्या प्रणालीत फर्मचे नाव घालून पाहता येते. फर्म खरोखर अस्तित्वात आहे का, हे नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत पाहावे, आणि फोन नंबरही तिथूनच घ्यावा. खऱ्या फर्मच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन फसवणूक करणारे लोक आहेत. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी अशा बनावट फर्मबद्दल वेळोवेळी सूचना प्रसिद्ध करते.

मनासारखी फर्म पॅनलवर नसली तर काय? फर्म बदलता येते. बँक बदलता येते. मात्र वेगळ्या बँकेचा व्याजदर पाच वर्षांत किती जास्त पडेल याचा हिशेब करूनच हा विचार करावा. तिसरा मार्ग म्हणजे बँक स्वतःसाठी वेगळा सॉलिसिटर नेमते आणि तुमचा सॉलिसिटर केवळ तुमचे काम पाहतो. सगळ्या बँका याला तयार नसतात, आणि तयार झाल्या तरी बँकेच्या वकिलाची फी सहसा तुमच्याच खिशातून जाते. शिवाय एकच प्रश्न दोन कार्यालयांत फिरत राहिल्याने दिवसही वाढतात. फर्म पॅनलवर येण्यासाठी अर्ज करू शकते, पण तो मंजूर होईलच असे नाही, आणि एका ग्राहकाच्या घाईसाठी बँक तो लवकर निकालात काढत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की खास कारण नसेल तर पहिल्या खरेदीत फर्म बदलावी.

आणखी एक प्रसंग लक्षात ठेवावा. खरेदी चालू असताना व्याजदर उतरला, तर ब्रोकर चांगल्या हेतूनेच ‘आपण दुसऱ्या बँकेकडे जाऊ’ असे सुचवतो. त्या क्षणी पॅनलचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उभा राहतो. नव्या बँकेच्या अर्जावर सही करण्याआधी सॉलिसिटरला विचारावे.

दुसरी पायरी: पॅनलमधून आपल्या कामाची फर्म निवडावी

चाळणीतून उरलेल्या तीन-चार फर्मकडून लेखी अंदाजपत्रक मागवावे. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घरखरेदीच्या फीची माहिती संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे, पण तिथली रक्कम प्राथमिक समजावी. अंदाजपत्रकात मूळ फी, त्यावरचा २० टक्के व्हॅट, लीजहोल्ड (म्हणजे ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या) घराचा जादा आकार, बँकेच्या वतीने काम करण्याचा आकार, भेट म्हणून मिळालेल्या रकमेची तपासणी करण्याचा आकार, परदेशातून आलेल्या पैशांच्या तपासणीचा आकार आणि प्रत्येक बँक ट्रान्स्फरचा आकार हे सगळे वेगवेगळे दाखवलेले असावे. जाहिरातीतली मूळ फी कमी ठेवून हे जोड आकार पुढे लावणाऱ्या फर्म शेवटी महाग पडतात. व्यवहार मोडला तर किती पैसे द्यावे लागतील हेही याच वेळी विचारावे.

त्यानंतर फोन करून माझी फाइल कोण हाताळणार, ती व्यक्ती पात्रताधारक आहे की सहायक, ती रजेवर असताना कोण पाहते, आणि भारतातून आलेले पैसे तुम्ही स्वीकारता का, हे विचारावे. शेवटचा प्रश्न आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा आहे. काही फर्म परदेशी निधीचे काम घेतच नाहीत आणि हे आठव्या आठवड्यात कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेले बरे.

इस्टेट एजंट बहुधा स्वतःहून एक फर्म सुचवतो. तीच घेतली पाहिजे असे कोणतेही बंधन नाही. अशा शिफारशीमागे बऱ्याचदा रेफरल फी, म्हणजे ग्राहक पाठवल्याबद्दल फर्मकडून मिळणारी रक्कम, असते, आणि ती किती आहे हे फर्मने तुम्हाला सांगितले पाहिजे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि गावोगावच्या मंडळांच्या गटांत सॉलिसिटरची नावे रोज विचारली जातात. ती नावे जरूर घ्यावीत, पण सुचवणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात: त्यांचे कर्ज कोणत्या बँकेचे होते, आणि घर फ्रीहोल्ड (जमिनीसह पूर्ण मालकीचे) होते की लीजहोल्ड. त्यांची बँक वेगळी असेल तर पॅनलच्या बाबतीत त्यांचा अनुभव तुमच्या उपयोगाचा नाही.

तिसरी पायरी: पैशांची वाट कागदावर दाखवावी

काम सोपवल्यावर ओळखपत्रांपाठोपाठ पैशांच्या उगमाची तपासणी सुरू होते. आपल्या लोकांचे घोडे इथेच सर्वांत जास्त वेळा अडते, म्हणून या टप्प्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. मनी लॉन्डरिंगविरोधी नियमांमुळे सॉलिसिटरला डिपॉझिटचा प्रत्येक मोठा भाग कोठून आला हे पाहावेच लागते, आणि तो बँकेचाही वकील असल्यामुळे त्याला यात सवलत देता येत नाही. पगारातून इंग्लंडमध्येच साठवलेले पैसे असतील तर सहसा काही महिन्यांची स्टेटमेंट आणि पगारपत्रके पुरतात. पैसे भारतातून आले असतील तर साखळी अखंड दाखवावी लागते.

समजा, ठाण्यातला फ्लॅट विकून पैसे आणले आहेत. मग नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स टू, विक्रीची रक्कम जमा झाल्याचे भारतातल्या खात्याचे स्टेटमेंट, कर भरल्याचा कागद, चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र, पैसे बाहेर पाठवल्याची बँकेची पावती आणि इंग्लंडमधल्या खात्यात ती रक्कम आल्याची नोंद, अशी एकेक कडी जोडावी लागते. महाराष्ट्रातला इंडेक्स टू मराठीत असतो, तसाच सातबाराही. सॉलिसिटरला ते वाचता येत नाहीत आणि घरच्या माणसाने केलेले भाषांतर तो सहसा मान्य करत नाही. प्रमाणित भाषांतर करून घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे ते घर शोधायला लागल्याबरोबर करून ठेवावे. अनिवासी भारतीयाला एनआरओ खात्यातून (भारतातले उत्पन्न जमा होणाऱ्या अनिवासी खात्यातून) एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. भारतात राहणाऱ्या आईवडिलांना प्रत्येकी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, मात्र ठराविक मर्यादेपुढे त्यांची बँक त्यावर उगमस्थानी कर गोळा करते. तो पुढे विवरणपत्रातून वळता करता येत असला तरी तेवढे पैसे त्या वेळी जवळ असावे लागतात.

आईवडिलांनी दिलेली रक्कम भेट असेल, तर ती परत करायची नाही आणि घरात त्यांचा हिस्सा राहणार नाही, असे सही केलेले पत्र बँकेला हवे असते. त्यासोबत आईवडिलांची ओळखपत्रे आणि त्यांच्याकडे ती रक्कम कशी आली याचेही पुरावे मागितले जातात. नाशिकला बसलेल्या सत्तरीच्या वडिलांकडे बँक स्टेटमेंट मागणे मुलाला अवघड वाटते आणि वडिलांनाही तो अविश्वास वाटू शकतो, म्हणून हे कशासाठी लागते ते त्यांना आधी शांतपणे समजावून सांगावे. भिशीचे पैसे, मित्राकडून हातउसने घेतलेली रक्कम, लग्नातले सोने मोडून आलेली रोकड, असे पैसे डिपॉझिटमध्ये घालू नयेत किंवा घालायचेच असतील तर पहिल्याच दिवशी सॉलिसिटरला सांगावे. हातउसने घेतलेले पैसे म्हणजे बँकेच्या दृष्टीने दुसरे कर्ज असते, आणि त्यावर तुमची परतफेडीची क्षमता नव्याने मोजली जाते.

सॉलिसिटर दोन्ही बाजूंचा असतो, याचा अर्थ

तुम्ही सांगितलेली गोष्ट बँकेच्या निर्णयावर परिणाम करणारी असेल, तर सॉलिसिटरला ती बँकेला कळवावी लागते. त्यासाठी तो तुमची संमती मागतो. तुम्ही नकार दिलात तर तो तुमचे गुपित फोडत नाही, पण बँकेचे काम सोडून देतो आणि कर्जाचा मार्ग तिथेच बंद होतो. कोणत्या गोष्टी कळवायच्या याचे नियम यूके फायनान्स या बँकांच्या संघटनेच्या मॉर्गेज लेंडर्स हँडबुकमध्ये आहेत. त्याचा पहिला भाग सर्व बँकांना समान आहे आणि दुसऱ्या भागात प्रत्येक बँकेची स्वतःची उत्तरे आहेत. हे हँडबुक कोणालाही इंटरनेटवर वाचता येते, आणि लीजहोल्ड फ्लॅट घेणाऱ्याने आपल्या बँकेचा दुसरा भाग एकदा तरी चाळावा असे मी आग्रहाने सांगेन.

प्रत्यक्षात असे प्रसंग पुष्कळ येतात. सर्वेक्षणात छताचे काम निघाले आणि विक्रेत्याने पाच हजार पाउंड कमी केले, तर ही कपात बँकेला कळवावी लागते आणि कधीकधी नवी मॉर्गेज ऑफर निघेपर्यंत थांबावे लागते. विक्रेत्याने घर घेऊन सहा महिनेही झाले नसतील तर तेही कळवावे लागते. बिल्डरने नव्या घरासोबत काही रक्कम परत देण्याचे किंवा फर्निचर देण्याचे कबूल केले असेल तर तेही. आईवडील कायमचे सोबत राहायला येणार असतील आणि घर त्यांच्या नावावर नसेल, तर बँकेच्या हक्कापुढे आपला राहण्याचा हक्क सांगणार नाही, अशा पत्रावर त्यांची सही लागू शकते. यांतल्या कोणत्याही गोष्टीने व्यवहार मोडेलच असे नाही. व्यवहार बहुधा अडचणीत येतो तो ही माहिती उशिरा बाहेर आल्यामुळे.

शोध, प्रश्न आणि लीज

पैशांची तपासणी चालू असतानाच विक्रेत्याच्या वकिलाकडून कराराचा मसुदा, लँड रजिस्ट्रीतला (मालकीच्या सरकारी नोंदवहीतला) मालकीचा उतारा व नकाशा, आणि विक्रेत्याने घराबद्दल भरून दिलेले फॉर्म येतात. तुमचा सॉलिसिटर स्थानिक कौन्सिल, पाणी व सांडपाणी आणि पर्यावरण यांचे सर्च, म्हणजे घराबद्दलच्या नोंदींचे अहवाल, मागवतो. कोळसा खाणींच्या भागात खाणींचाही. सर्च किती दिवसांत येतात हे कौन्सिलवर अवलंबून असते आणि त्यात सॉलिसिटरच्या हातात फारसे काही नसते. विक्रेत्याने भरलेले फॉर्म मात्र स्वतः शब्दन्‌शब्द वाचावेत. शेजाऱ्याशी कुंपणावरून वाद, परवानगी न घेता केलेली मागची खोली, बदललेल्या खिडक्यांचे प्रमाणपत्र, या गोष्टी घर पाहिलेल्या तुम्हाला लक्षात येतात. सॉलिसिटर घर पाहायला येत नाही. बँकेने केलेले मूल्यांकनही केवळ बँकेसाठी असते, म्हणून स्वतःचा सर्व्हेअर वेगळा नेमावा.

लीजहोल्ड फ्लॅटमध्ये सॉलिसिटरची खरी कसोटी लागते. लीजची किती वर्षे उरली आहेत, ग्राउंड रेंट (जमिनीचे भाडे) किती आणि तो कसा वाढत जातो, सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) किती, इमारतीचे मोठे काम पुढे आहे का, हे तपासावे लागते, आणि उरलेल्या वर्षांबद्दल प्रत्येक बँकेची किमान अट वेगळी असते. १४ जून २०१७ च्या लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर उंच इमारतींच्या बाह्य भिंतींचे प्रमाणपत्र आणि २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्टमधील कागद हेही या तपासणीत आले. अशा इमारतींचे काम काही फर्म घेत नाहीत. त्यामुळे फ्लॅट घ्यायचा असेल तर पॅनलच्या प्रश्नासोबतच ‘या उंचीच्या इमारतीतला लीजहोल्ड फ्लॅट तुम्ही करता का?’ हा प्रश्न पत्ता देऊनच विचारावा.

भारतातले घर आणि इथला कर

स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्सचे, म्हणजे घरखरेदीवरच्या कराचे, विवरण सॉलिसिटर भरतो, पण तो तुमच्या उत्तरांवर विसंबून भरतो, आणि इथे आपल्याकडच्या अनेकांची मोठी गैरसमजूत होते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार इंग्लंडमध्ये पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाख पाउंडांपर्यंत कर नाही आणि ३ ते ५ लाखांच्या भागावर ५ टक्के आहे. किंमत ५ लाखांच्या पुढे गेली की ही सवलत मिळत नाही. पण ‘पहिल्यांदा’ याचा अर्थ जगात कुठेही घराची मालकी कधीच नव्हती असा आहे. वडिलांमागे वारसाने आलेला घरातला हिस्सा किंवा पुण्यात बायकोसोबत घेतलेला फ्लॅट असेल तर ही सवलत जाते, आणि दोघे मिळून घेत असाल तर अट दोघांनीही पूर्ण करावी लागते.

४ लाख पाउंडांच्या घराचे उदाहरण घेऊ. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला त्यावर ५,००० पाउंड कर येतो. सवलत नसेल तर नेहमीच्या दराने १०,००० पाउंड येतो. आणि भारतातले घर अजून तुमच्या किंवा जोडीदाराच्या नावावर असेल व त्यातला तुमचा हिस्सा ४०,००० पाउंड किंवा त्याहून अधिक किमतीचा असेल, तर हे अतिरिक्त घर धरले जाऊन ३१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेला ५ टक्क्यांचा अधिभार संपूर्ण किमतीवर बसतो आणि एकूण कर ३०,००० पाउंड होतो. नुकतेच आलेल्यांनी आणखी एक मोजणी करावी. खरेदीआधीच्या १२ महिन्यांत १८३ दिवस देशात राहणे झालेले नसेल, तर २ टक्क्यांचा आणखी अधिभार लागू शकतो. पुढे इथले वास्तव्य पुरे झाल्यास तो परत मागता येतो. वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून वेगळा कर आहे आणि तिथे पहिल्या घराची अशी सवलत नाही. भारतातल्या प्रत्येक घराची, हिस्सा लहान असला तरी, माहिती सॉलिसिटरला पहिल्या आठवड्यात लेखी द्यावी आणि ऑफर देण्याआधीच कराचा आकडा मागून घ्यावा.

एक्स्चेंज, कम्प्लिशन आणि नोंदणी

महाराष्ट्रात विसार देऊन आणि साठेखत करून व्यवहार पक्का होतो. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल, म्हणजे ‘एक्स्चेंज’, होईपर्यंत कोणीही बांधलेला नसतो. विक्रेता जास्त किंमत देणाऱ्याकडे वळू शकतो आणि तुम्हीही मागे फिरू शकता. म्हणूनच पॅनलच्या घोळात गेलेले आठवडे इतके महाग पडतात. एक्स्चेंजच्या वेळी साधारण १० टक्के रक्कम द्यावी लागते, आणि त्यानंतर माघार घेतली तर ती जाते. मॉर्गेज ऑफर लेखी हातात असल्याशिवाय, तिच्यातल्या सगळ्या अटी पूर्ण झाल्याचे सॉलिसिटरने सांगितल्याशिवाय आणि घराचा विमा कोणत्या दिवसापासून हवा हे विचारल्याशिवाय एक्स्चेंजला होकार देऊ नये.

पैसे पाठवण्याचा दिवस सर्वांत जोखमीचा असतो. चोर ईमेलवर नजर ठेवून नेमक्या वेळी ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा हुबेहूब ईमेल पाठवतात. खाते क्रमांक पहिल्या भेटीत कागदावर घ्यावा, पाठवण्याआधी नोंदवहीतल्या नंबरवर फोन करून तो वाचून दाखवावा, आणि आधी एक पाउंड पाठवून तो पोहोचल्याची खात्री करावी. नंतर सॉलिसिटर बँकेला मालकी निर्वेध असल्याचे प्रमाणपत्र पाठवतो, त्यावरून बँक कर्जाची रक्कम त्याच्याकडे सोडते, आणि ठरलेल्या दिवशी ती विक्रेत्याच्या वकिलाकडे गेली की एजंटकडून किल्ली मिळते. काही बँकांना रक्कम सोडण्यासाठी काही कामकाजाचे दिवस आधी मागणी लागते, त्यामुळे तारीख ठरवताना सॉलिसिटरला विचारल्याशिवाय सामान हलवणाऱ्यांना आगाऊ रक्कम देऊ नये.

कराचे विवरण आणि रक्कम कम्प्लिशननंतर, म्हणजे पैसे पोहोचून किल्ली मिळाल्याच्या दिवसानंतर, १४ दिवसांत भरावी लागते आणि त्यानंतर लँड रजिस्ट्रीकडे नोंदणीचा अर्ज जातो. कामात चूक झाल्यास आधी फर्मकडे लेखी तक्रार करावी, आणि आठ आठवड्यांत समाधान झाले नाही तर लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी पाहणाऱ्या यंत्रणेकडे) जाता येते.

आता राहिले नाव. आपल्या पासपोर्टवर बहुधा वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये असते, बँक खात्यावर ते नसते, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या पदवीवर, पॅनकार्डावर आणि पासपोर्टवर तीन वेगळी नावे सापडतात. मॉर्गेज ऑफर, हस्तांतरणाचा दस्त आणि पासपोर्ट यांवर एकच नाव, एकाच क्रमाने आणि एकाच स्पेलिंगने हवे. ऑफर हातात येताच पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर जुळवावे, कारण ऑफरमधली चूक बँकेला दुरुस्त करून द्यावी लागते आणि त्यात दिवस जातात. नोंदणी झाल्यावर सॉलिसिटर मालकीच्या उताऱ्याची प्रत पाठवतो. त्यात तुमची नावे, पत्ता आणि बँकेचा बोजा बरोबर आहे का हे पाहावे, आणि लँड रजिस्ट्रीच्या प्रॉपर्टी अलर्ट या मोफत सेवेत आपले घर नोंदवून ठेवावे. त्या घराच्या उताऱ्यावर कोणी अर्ज किंवा अधिकृत शोध दाखल केला, की तुम्हाला ईमेल येतो.